दादा, तुझी सायकल सापडली

प्रिय दादा,

तुझी सायकल सापडली. म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी कुठली तुला पत्र घालायला! होतास तेव्हा तुझ्यामागं धावण्यातच दिवस जायचा.

बहात्तरच्या दुष्काळात आपण डोक्यावर मातीच्या पाट्या वाहून बांधलेला पाझर तलाव यंदाच्या दुष्काळात पहिल्यांदा तळापर्यंत आटला. लोक गाड्या जुंपून त्यातला गाळ शेतात न्यायला लागले, आणि तळातल्या मोठ्या खड्ड्यात नामूकाकांचं खोरं हँडलला अडकलं. त्यांनी सायकल गाडीत घालून आईच्या दारात आणली. मला सासरी तेरखेड्याला सांगावा आला, तशी मी पोरीला घेऊन निघाले.

आठवतं, सायकल घेताना दुकानदाराला किती पिडलंस? दूध सोसायटीत नोकरी लागली होती, मागं दोन्हीकडं कॅन अडकवून बेंबळीला जायचं, म्हणजे सायकल दणकट पाहिजे. धाराशिवच्या त्या दुकानात तू एकेक सायकल वीतभर उचलायचास आणि सोडून द्यायचास. खळखळली की नापास! शेवटी दुकानदार वैतागला, "सायकल घ्यायलाव का बैल?" तू म्हणालास, "बैल असता तर दात बघितलं असतं, चाचा." मग एक काळी सायकल नुसती ठण् वाजली. "शके, ही माझ्यापरीस जास्त टिकंल बघ," असं म्हणून तू मला कॅरिअरवर बसवलंस. किती सहज बोलून गेलास रे!

मलाही सायकल शिकायची होती, पण चालवायची कुठं, ही अडचण होती. गल्लीत पोरगी सायकलवर दिसली असती तर गावभर बोभाटा झाला असता. म्हणून तू मला तलावात नेलंस. तलावाची भिंत उभी राहिली होती, पाण्याचा थेंब नव्हता. भरावाला माती काढून मोठाले खड्डे पडले होते. तू त्यात सुसाट उतरायचास आणि पलीकडच्या काठावरून उडी मारून बाहेर यायचास. मी किंचाळायचे, तू हसायचास. मग मला सीटवर बसवून मागून धरून पळायचास. "खाली बघू नगं, म्होरं बघ!" हात कधी सोडलास ते मला कळलंच नाही.

मग पाऊस झाला. आपल्या गावात साठलेलं पाणी कुणी बघितलं होतं? विहिरीच्या तळाशी असतं तेवढंच आपल्याला ठाऊक. बेंबळीची वाट तलावाच्या पोटातून जायची. ती पाण्याखाली गेली तरी सगळं गाव तिला वाटच म्हणत होतं. आई म्हणाली, "भिंतीवरनं वळसा घालून जा की." तू कॅन अडकवत म्हणालास, "रस्ता काय वाहून जातूय व्हय? हायच की खाली." आणि सायकल हातात धरून पाण्यात शिरलास. भिंतीवरची माणसं ओरडत राहिली, पोहता कुणालाच येत नव्हतं.

दादा, ते खड्डे तुझ्या रोजच्या पायाखालचे. मग कसा चुकलास? आईचं एक ऐकलं असतंस तर काय बिघडलं असतं? एवढ्या एका गोष्टीचा मला अजून राग येतो.

तू सापडलास, सायकल सापडली नाही. आईनं स्वतःच्या हातानं तुला शेवटची अंघोळ घातली, तरी तिचं एकच चालायचं, "मग सायकल कुठं हाय त्याची?" सायकल लावायच्या जागेवर तिनं शेळीसुद्धा बांधू दिली नाही. दिवेलागणीला कॅन वाजल्यागत झालं की उठून दारात जायची. तिला वेडी म्हणणारी मी कोण? आमच्या तेरखेड्यात फटाके करतात, त्यांच्या आवाजाला मी दचकत नाही. मागून सायकलची घंटी वाजली की मात्र मी जागीच थांबते. वळून बघायचं धाडस होत नाही, आणि न बघता पुढंही जाववत नाही.

आता माझी सुजाता सायकल मागते. तिनं धाराशिवात कुठलीशी बीएमएक्स बघितलीय. बुटकी, जाड टायरची, मडगार्ड नसलेली. तू काय म्हणाला असतास तेही मला ऐकू येतं, "मडगार्डच न्हाय, मग खळखळंल काय!" मी नाही म्हणून बसले होते. आपल्या घरात सायकल नको म्हणजे नको.

आईकडं पोहोचले तेव्हा सायकल तुझ्या जागेवर भिंतीला टेकवलेली होती. टँकरची अख्खी घागर आईनं तिच्यावर ओतली. प्यायला पाणी नाही, आणि ही सायकलीला न्हाऊ घालतेय! पदरानं हँडल पुसून ती म्हणाली, "आली बया घरला. आता म्या दारात जायची न्हाय."

मी पुढं झाले. सायकल वीतभर उचलली आणि सोडली. जरासुद्धा खळखळली नाही, दादा. सगळीकडं गाळ भरलेला, वाजणार कशी! आवाज ऐकायला मी तशीच वाकून उभी राहिले आणि मग मला रडू आलं.

सुजातानं विचारलं, "आई, तुला येती का गं सायकल?" इतकी वर्षं हे मी तिला सांगितलंच नव्हतं. म्हटलं, "येती. तुझ्या मामानं शिकवली."

तर दादा, तुला शब्द देते. तिला सायकल घेईन, दुकानात आपटून, कान लावून घेईन. पाऊस यायच्या आत तिला आपल्या तलावात नेईन, आणि आधी मी चालवून दाखवीन, लुगडं खोचून. प्रत्येक खड्डा तिला दाखवीन. आणि पाणी आलं की भिंतीवर तिचा हात धरून सांगीन, खाली रस्ता आहे, पण आता तो आपला नाही. तेव्हा हात सोडणार नाही.

तुझी,
शकू