क्लबच्या म्हणण्यानुसार

कोबे,
सप्टेंबरअखेर, रविवार

प्रिय वीणा,

तुझे मेसेज वाचले आणि उत्तर दिलं नाही, म्हणून तू रागावली असशील. ‘बाईसाहेब आता जपानी झाल्या, नाही म्हणायचं नाही, नुसतं गप्प बसायचं,’ असं तिकडे कुणाला तरी म्हणालीही असशील. तू तुझ्या संकेतस्थळासाठी लेख मागितलास, वर मोठ्या अक्षरात ‘प्रत्यक्षदर्शी’ आणि शेजारी माझा फोटो. बसले मी लिहायला. एकदा पान भरलं ते पुसलं, पुन्हा भरलं ते पुन्हा पुसलं. मग म्हटलं, संपादिकेला लिहिता येत नसेल तर मैत्रिणीला लिहून बघावं. म्हणून हे हाताने. अक्षर पार बिघडलंय, सांभाळून घे.

आमचं बरं आहे असं लिहायची पद्धत असते, तर बरं आहे. शिवानी चौथीत आहे. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते आणि भांडण जोरात आलं की दोघीही इंग्रजीवर येतो. केदारची नोकरी अजून वर्षावर्षाची. दर मार्चला नवा करार, आणि तो हातात पडेपर्यंत घरात कुणी मोठ्याने टीव्हीसुद्धा लावत नाही. तो भूकंप आणि अणुभट्टीचा अपघात झाला त्यानंतरच्या वर्षी, परदेशी लोक भराभर परत निघाले होते तेव्हा आम्ही इथे आलो. आई म्हणाली होती, ‘लोक बाहेर पडतायत आणि तुम्ही आत शिरताय.’ मी हसले होते. मला तेव्हा फक्त एवढं दिसत होतं की केदारला प्रयोगशाळा मिळाली आणि मलाही कधीतरी कुठल्यातरी वर्तमानपत्राच्या इंग्रजी आवृत्तीत चिकटता येईल. तसं चिकटलेही. नाव कादंबरी, लिहिते चार ओळींच्या बातम्या, हा तुझा जुना विनोद इथेही लागू पडतो.

तर ऑगस्टमध्ये मला एक सोपं काम मिळालं. केदारच्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ डोंगरावर शिबिराला गेला होता. तो हेल्मेट आणि खांद्यांवर चिलखत घालून खेळायचा खेळ, या भागात त्याचं फार वेड. उन्हाळ्यात संघ मुलांची काळजी कशी घेतात, असा हलकाफुलका लेख हवा होता. बर्फाच्या पेट्या, मिठाच्या गोळ्या, ओले टॉवेल, सगळं मी टिपून घेतलं. फोटोग्राफर दुपारच्या गाडीने परत गेला. मी पाण्याच्या पिंपांपाशी सावलीत थांबले होते. ओकुदा नावाचा पहिल्या वर्षाचा मुलगा, गोल चेहऱ्याचा, त्याच्या हातून पुन्हा पुन्हा चेंडू सुटत होता. कोचनी कर्णधाराला, हिरायामाला, जवळ बोलावलं आणि म्हणाले, ‘याला पळव. मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही.’ माझ्यापासून ते इतके जवळ होते की त्यांच्या गळ्यातली शिट्टी मला हलताना दिसत होती. आवाज त्यांनी खाली आणला नाही. परदेशी बाई, हिला काय कळतंय.

ओकुदा पळत राहिला. काही वेळाने त्याची पावलं वाकडी पडायला लागली. हिरायामाने हेल्मेट काढलं, कोचपाशी गेला, कमरेत वाकला आणि म्हणाला, ‘पुरे करूया का?’ कोचनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ‘तुलाही पळायचंय?’ एवढंच. तो परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. एकवीस वर्षांचा मुलगा, वीणा, मान खाली घालून. मग ओकुदा पडला. मी बर्फ घेऊन धावले, दोघातिघांनी मिळून त्याचं चिलखत कापून काढलं. त्याचं अंग इतकं तापलं होतं की माझा हात आपोआप मागे आला. तो वाचला. पण मूत्रपिंडांना इजा झाली, बरेच दिवस तो शुद्धीवर नव्हता, आणि आता तो खेळणार नाही हे नक्की.

संघ चालवणाऱ्या क्लबचं निवेदन आलं. त्या वेळी कोच बैठकीत होते. शिक्षा कर्णधाराने स्वतःच्या मनाने दिली. शिवाय ओकुदाने आदल्या दिवसापासूनचं आजारपण लपवलं होतं. पत्रकार परिषदेत हिरायामा काळ्या सुटात आला, टेबलावर कपाळ टेकेल इतका वाकला, आणि म्हणाला, ‘सगळी जबाबदारी माझी.’ कॅमेरे इतके चमकले की तो वर उठला तेव्हा डोळे मिचकावत होता. आम्ही घरी जेवताना बघत होतो. शिवानी चमचा खाली ठेवून म्हणाली, ‘कावाइसो.’ म्हणजे बिचारा. केदार माझ्याकडे बघत होता. कारण त्या संध्याकाळी मैदानावरून आल्यावर मी काय पाहिलं ते त्याला अक्षरन् अक्षर सांगितलं होतं.

मी बातमी लिहिली. ऐकलेलं, पाहिलेलं, माझ्या नावासह. आमचे डेस्कप्रमुख निशिमुरा-सान, भला माणूस. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘कादंबरी-सान, तुमचे पती त्या विद्यापीठात आहेत ना?’ नियम असा की ज्या संस्थेत घरचं माणूस आहे, तिच्यावर वार्ताहराने लिहायचं नाही. मी म्हटलं, मग शिबिराला मला का पाठवलंत? ते म्हणाले, ‘तेव्हा ती बातमी नव्हती.’ वीणा, हा नियम आपण दोघींनीच पुण्याच्या आपल्या वर्तमानपत्रात मागितला होता. साहेबांच्या भाच्याच्या क्रिकेट अकादमीचं कौतुक दर रविवारी छापून यायचं तेव्हा तू केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटला होतास आणि मी तुझ्यामागे नुसती उभी होते. नियम चांगला आहे. तो गळ्यात घालून फिरवला की फास होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या वर्तमानपत्राचं नाव हा संघ ज्या स्पर्धेत खेळतो तिच्या फलकावर आहे, तो मात्र हितसंबंध नाही, ते प्रायोजकत्व. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हटलं, तर दुसऱ्या कुणी काही ऐकलेलं नाही. आणि मी लिहिलं असतं तरी विद्यापीठ म्हणालंच असतं, नवऱ्याचा करार अडकलाय म्हणून बाई सूड उगवतेय. करार झाल्यावर गप्प बसले तर गप्प बसण्याची किंमत मिळाली असं होणार. कुठल्याही बाजूला पाय टाकला तरी तिथे कुणीतरी आधीच पाटी लावून ठेवलेली.

केदारचे प्रोफेसर त्या क्लबचे मानद अध्यक्ष आहेत, हे तुला सांगायचं राहिलं. एके दिवशी दुपारी त्यांच्या पत्नी पीचची पेटी घेऊन दारात. इथे उन्हाळ्यात हाताखालच्यांनी वरच्यांना भेट द्यायची असते. ही उलट्या दिशेने आली. प्रत्येक फळाला मऊ जाळीचं वेष्टन. त्या बसल्या, चहा घेतला, शिवानीच्या शाळेची चौकशी केली. फुटबॉलचा शब्द काढला नाही. निघताना बूट घालता घालता म्हणाल्या, ‘केदार-सानचं पुढच्या वर्षीचं सगळं सुरळीत होईलच, नाही का?’ मी ‘हो’ म्हटलं. वाकले. दार लावलं. ते पीच आम्हाला खाववले नाहीत आणि टाकवलेही नाहीत. शेवटी इतके मऊ पडले की शेजारच्या घरापर्यंत वास गेला.

मग मी हिरायामाच्या घरी गेले. ऑफिसचं कार्ड घरी ठेवून. गल्लीच्या तोंडाशी वाहिन्यांच्या गाड्या, घडीच्या खुर्च्या, कोन्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, कॉफीचे रिकामे पेले. मी घंटी वाजवली. आतून आवाज आला, ‘कुठल्या वाहिनीच्या?’ म्हटलं, ‘कुठल्याच नाही. मी त्या दिवशी मैदानावर होते.’ मग, ‘मागच्या बाजूने या.’ घरात भर दुपारी दिवे लावलेले, पडदे चिमट्यांनी बंद केलेले. त्याची आई सुपरमार्केटमध्ये कामाला होती, गिऱ्हाइकं वाकून वाकून बघायला लागली म्हणून आता घरीच. मी म्हटलं, मी जे ऐकलं ते सांगायला तयार आहे. तिने तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात तो जिन्यावर येऊन बसला. वरच्याच पायरीवर, खाली उतरला नाही. म्हणाला, ‘कृपा करून सांगू नका.’ मला वाटलं पदवीनंतरच्या नोकरीची भीती असेल, कोचच्या शिफारशीवर लागलेली. ती होतीच. पण तो म्हणाला, ‘मी सगळ्या देशासमोर वाकून सांगितलंय की मीच केलं. तुम्ही बोललात तर मी खोटारडा ठरेन. क्रूर तर आत्ताच आहे. दोन्ही कसं होऊ?’ ज्याला सोडवायला गेले, त्याने आतून कडी लावलेली.

त्या रात्री मी केदारला म्हटलं, जाऊ दे, तोच नको म्हणतोय. केदार फारसा बोलणारा नाही, तुला माहीत आहे. तो म्हणाला, ‘हिरायामाला नको असेल. कोचला नको आहे, प्रोफेसरांना नको आहे, मला विचारशील तर मलाही नको आहे. पण ओकुदाला कुणी विचारलं? तो हॉस्पिटलमध्ये पडून ऐकतोय की त्याने आजार लपवला. त्याला एवढंच कळायचंय की त्याचं काय झालं.’ आणि मग म्हणाला, ‘माझा करार व्हायच्या आधी जा. नंतर गेलीस तर कशालाच अर्थ नाही.’

गेल्या मंगळवारी मी विद्यापीठाने नेमलेल्या चौकशी समितीपुढे गेले. तीन वकील, पाण्याचे ग्लास. मी काय पाहिलं, हा त्यांचा पहिला प्रश्न नव्हता. पहिला प्रश्न होता, ‘तुमच्या पतीच्या नेमणुकीचा निर्णय अजून व्हायचा आहे, हे खरं?’ मी म्हटलं, खरं. ते लिहून घेतलं. मग मी जे घडलं ते सुरुवातीपासून सांगितलं, हिरायामा वाकून थांबवायला गेला होता तेही. एका वकिलाने मान वर केली, तेवढ्यानेसुद्धा मला बरं वाटलं. पण माझ्या म्हणण्याला दुजोरा द्यायला संघातलं कुणी आलेलं नाही. कोच ‘प्रकृतीच्या कारणाने’ रजेवर आहेत. अहवाल हिवाळ्यात. प्रोफेसर केदारशी पूर्वीइतक्याच अदबीने बोलतात, फक्त करारावर काही बोलत नाहीत. निशिमुरा-सान मला आता हवामान आणि सुमोच्या बातम्या देतात. एक गोष्ट झाली, ओकुदाच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, ‘समितीने तुमच्या साक्षीची प्रत पाठवली, ती त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, हो, कर्णधार गेले होते थांबवायला, मी पाहिलं.’ डॉक्टरांनी परवानगी दिली की तो समितीला हे स्वतः सांगणार आहे.

लेख मी देणार नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. साक्ष दिल्यावर त्याच प्रकरणाची वार्ताहर मी राहत नाही. पण पत्र लिहायला बसले ते हे सांगायला नव्हे. हिरायामाच्या घरातली एक गोष्ट मी वर गाळली. निघताना त्याच्या आईने फोन पुढे केला. मुलगा दिवसभर इंटरनेटवर स्वतःचा फोटो टाकून शोधत बसतो, कुठे कुठे आलाय बघतो, म्हणाली. ‘हे तुमच्या देशातलं आहे म्हणतात. यात काय लिहिलंय?’ पडद्यावर तो टेबलाशी वाकलेला, आणि वर देवनागरीत: ‘क्रूर कर्णधार! सहकाऱ्याला मरेपर्यंत पळवलं.’ वीणा, ते पान तुझं होतं. बातमी कुठून आली तेही मला माहीत आहे. आमच्या इंग्रजी आवृत्तीतून. क्लबचं निवेदन इंग्रजीत मीच केलं होतं, कारण भाषांतराला म्हणे हितसंबंध नसतात. प्रत्येक वाक्याच्या आधी ‘क्लबच्या म्हणण्यानुसार’ ठेवलं होतं, माझ्या हातात तेवढंच होतं. तुमच्याकडे ते गळलं आणि विशेषण चढलं. कुणी मुद्दाम केलं नसेल, मथळ्याला जागा कमी असते, मी तिथेच शिकले. पण ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. ‘क्रूर’ला जपानीत शब्द आहे, मला येतो. मी ‘कडक’ म्हटलं. ‘मरेपर्यंत’ वाचलंच नाही. भाषांतर करून पोट भरते मी, आणि जाणूनबुजून खोटं भाषांतर केलं. म्हणून मागते. त्याचा फोटो काढ, नाव काढ. गळलेले शब्द परत घाल. आणि पान गुपचूप पुसू नकोस, आमचं चुकलं अशी एक ओळ खाली राहू दे, तुझ्या सहीने. माझ्या वर्तमानपत्रात मला हे करता येत नाही, तुला तुझ्या पानावर येतं. झालं की कळव. मी ते घेऊन त्या मागच्या दाराशी जाईन, आणि या वेळी एकही शब्द न बदलता तिला वाचून दाखवीन.

काहीही ठरवलंस तरी तुझीच,
कादंबरी