सात आवाज

सावेडी, २ फेब्रुवारी
काठमांडूचं प्रशिक्षण संपवून आज संस्थेने दिलेल्या खोलीत आले. पहिली नोकरी, पहिला विमानप्रवास. आई फोनवर म्हणाली, इमानातून आली, आता भाकरी थापायला लाजशील व्हय गं पंके?
काम मनासारखं आहे. ऊसतोड बायका मुकादमांविषयी जे कुणालाच सांगत नाहीत, ते रेकॉर्ड करायचं. प्रशिक्षणाला जाण्याआधीच्या महिनाभरात सात जणी बोलल्या.
येताना विमानतळावर अधिकाऱ्याने लॅपटॉप उघडायला सांगितला. लपवण्यासारखं काय आहे, म्हणून मी हसत पासवर्ड टाकला. तो आत घेऊन गेला. चाळीस मिनिटांनी परत दिला.

४ फेब्रुवारी
त्या सात जणींपैकी रंगुबाईंचा सोनईहून फोन आला. सकाळी अनोळखी नंबरवरून कुणीतरी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, पोरी, नाव कुठंच लिवनार न्हाई म्हनली हुतीस ना?
तसं वचन मी प्रत्येकीला दिलं होतं. पण कॉलेजच्या प्रकल्पात लागलेली सवय, नाव-गावाशिवाय नोंद अपुरी वाटते. फाइलींना दोन्ही दिली.
लॅपटॉप कपाटात होता. ‘रंगुबाई, सोनई’ ही फाइल आज ११.१० ला उघडलेली दिसते.

५ फेब्रुवारी
११.१०. कौसाबाई. मुकादमाला कळलं तर पुढच्या हंगामात टोळीत घेणार नाही, म्हणून रडत होत्या.
आमच्या प्रमुख नीलांबरीताईंनी इंटरनेट तोडलं. मी सातही फाइली पुसल्या. आता भीती नाही, असं ताई म्हणाल्या.

६ फेब्रुवारी
सातही जागेवर आहेत. तिसरी उघडलेली.

८ फेब्रुवारी
बॅटरी काढून लॅपटॉप ऑफिसच्या तिजोरीत ठेवला. तरी पाचवीला फोन गेला. शेवटी रेकॉर्ड केलेली आधी, असा उलटा क्रम—

९ फेब्रुवारी
सहावी.
उरली सर्वांत आधी रेकॉर्ड केलेली. सराव म्हणून मी आईलाच बोलतं केलं होतं. फडात तिच्यावर काय गुदरलं, ते बाबांनाही ठाऊक नाही. फाइलीवर तिचं नाव. आमचं गाव.

१० फेब्रुवारी
११.०२. आईला बजावलं, आज फोन उचलू नको. ती म्हणाली, तुझा आला तर?
११.१० — आईचा फोन व्यस्त.
११.१२ — व्यस्त.
११.१५. आईचा नंबर. उचलला. आईच बोलतेय, पण मी हाका मारतेय तर थांबत नाही — तेच शब्द, तोच मधला खोकला — त्या दिवशीची कुकरची शिट्टी — आणि आता माझा आवाज, हसरा — आई, बोल तू, नाव कुठंच—