प्रवेशिकेतला एक रकाना

३ नोव्हेंबर
"तू लिही शुभा, बाकीचं मी बघतो." अठरा वर्षांपूर्वी नंदू म्हणाला होता, कंपनीच्या कँटीनमध्ये. तेव्हापासून माझं प्रत्येक नाटक त्यानेच बसवलं. कामगार नाट्यस्पर्धेसाठी यंदाही माझंच. राजा, राणी, दगा देणारा सेनापती. आज चिंचवडला वाचन झालं. राणी करणारी केतकी पुनावळ्याची, सव्वीसची. वाचन संपल्यावर म्हणाली, "ताई, पहिल्या प्रवेशात सेनापती राजाला फेटा बांधतोय आणि राजा बोलतोय दुसऱ्याशीच. दगा तिथंच ठरला ना? त्याला राज्य नकोच आहे."
नंदू म्हणाला, "वा."
मला हे लिहिताना दिसलं नव्हतं. "हो, तसंच आहे ते," म्हणाले.

७ नोव्हें.
तालीम. राजा म्हणजे महाळुंग्याचे बबनराव, शिफ्ट संपवून थेट सेफ्टी शूजमध्येच सिंहासनावर. नंदू म्हणाला, "महाराज, बूट काढा."
"काढतो, पन राणी दरबार सोडून गेली तर मला बोलायचं न्हाई."
सगळे हसले. मीही.
नंदू आता मध्येच थांबून विचारतो, "केतकी, तुला काय वाटतं?" मी शेजारीच, संहिता मांडीवर घेऊन.

१२ नोव्हें.
तिने शेवटच्या प्रवेशातली माझी चार वाक्यं काढायला लावली. प्रवेश चांगला झाला. हेच तर...
तालमीनंतर नंदूने तिला गाडीवरून घरी सोडलं. एरवी मला स्टेशनपर्यंत सोडायचा. उशीर झाला होता, तिचं घर लांब. सगळं समजतं. माझं वय सेहेचाळीस.

१५ नोव्हें.
प्रवेशिका भरली. दरवर्षी मीच भरते, अक्षर चांगलं म्हणून. नियम असा की रंगमंचावर फक्त कामावर असलेले कामगार. केतकीने गेल्या महिन्यात कंपनी सोडली, ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत. अशा वेळी जुनंच ओळखपत्र जोडतात. सगळे संघ करतात, मीही दोनदा केलंय. तिच्या रकान्यात लिहिलं, 'नोकरी सोडली'. खोटं एक अक्षर नाही. नंदूने न वाचता सही केली.

२१ नोव्हें.
राणी बाद. स्पर्धेच्या कार्यालयातून नंदूला फोन आला. प्रयोग सहा दिवसांवर.
"अगं, घाईत लिहून गेलीस का?"
"हो."
या रकान्याबाबत खोटं हे पहिलं. मग म्हणाला, "राणी तूच कर. तू कंपनीत आहेस, पाठही आहे सगळं."
किती आनंद झाला. लिहायलाही लाज वाटते.

२३ नोव्हें.
केतकी आपणहून आली, मला हालचाली शिकवायला. खांदे धरून वळवत होती. "इथे सेनापतीकडे पाठ नको, ताई. बिचारा आहे तो." जाताना म्हणाली, "रकान्याचं मनाला लावून घेऊ नका. होतं असं."
जेवण गेलं नाही.

२६ नोव्हें.
उद्या प्रयोग. सकाळी नंदूला सांगणार आहे. आधी केतकीला मेसेज केला. पाठवला तसाच इथे उतरवते.
'केतकी, ती चूक नव्हती. मी जाणूनबुजून लिहिलं. तू माझं नाटक माझ्यापेक्षा नीट वाचलंस, ते मला सोसलं नाही. माफी मागत नाही, तोंड नाही तेवढं. एकच विचारते, तू नाही म्हणणार हे धरूनच. पुढचं नाटक लिहिलं, तर सगळ्यांच्या आधी तू वाचशील का?'