शालूच्या फेलोशिपसाठी धरलेले मंगळवार

१ मे १९६२, मंगळवार
आजपासून मंगळवार धरले. अंबादेवीसमोर, शालूच्या देखत, मोठ्याने म्हटले, पोरीला बंगलोरची फेलोशिप मिळू दे, खणानारळाने ओटी भरीन. मनात मात्र चांगल्या स्थळाचे सांगितले. देवीला मनातले कळतेच. एम.एस्सी. झाली, आता रसायनात पीएच.डी. म्हणे. वर सरकार दरमहा पैसे देणार. शिकायचे पैसे! असे कुठे असते का, यांना विचारले. हे म्हणाले, ‘तुया लेकीले विचार.’

९ मे
लग्नाचा विषय काढायचा नाही, असे पक्के केले. दुपारी एकदाच काढला. तोही शेवया करताना, सहज. शालू म्हणाली, ‘आई, मले इंटरव्ह्यूचं वाचू दे वं.’ मी कुठे अडवते?

१७ मे
नागपूरला इंटरव्ह्यू झाला. शालू आली ती सरळ जाऊन झोपली. म्हणजे गेलीच फेलोशिप. फार वाईट वाटले. जेवण मात्र दोन घास जास्त गेले, उपासाच्या अशक्तपणाने असेल. लगेच अकोल्याच्या कौशल्याबाईंना कार्ड टाकले. त्यांचा भगवंत इंजिनिअर, कॉलेजात शिकवतो. कार्डात एवढेच, ‘सहज या.’

३ जून, रविवार
मायलेक आले. शालूला माझे ठेवणीतले पातळ नेसवले. पोह्यांवर खोबरे हात न आखडता घातले. मुलाने स्वयंपाकाचे, शिवणाचे काही विचारले नाही. दोघे ओसरीवर केव्हाची बोलत होती. मी पाणी नेले, मग पुन्हा नेले. गाईड, थिसिस असले काही कानावर आले. इंग्रजीत बोलतात म्हणजे जमलेच. कौशल्याबाई कानाशी म्हणाल्या, ‘घरी तं हा तोंड उघडत नाही वं बाई!’ मी साखर काढली. हे म्हणाले, ‘थांब ना जराशी.’ यांना कशाची घाईच नसते.

१४ जून
अकोल्याचा निरोप नाही. मुलाकडचे जरा ताणणारच. पण शालूच्या नावाने भगवंताचे पाकीट आले! लग्नाआधी पत्र, मी काही जुन्या मताची नाही. शालूने उघडून दाखवले. आत त्याचा अर्ज, खरगपूरच्या फेलोशिपचा. नीट जमला का, विचारतो. लाजाळू आहे, निमित्त काढले.

३१ जुलै, मंगळवार
सकाळी शालूची बंगलोरची ऑर्डर आली. पाया पडली, म्हणाली, ‘आई, तुया मंगळवारानं झालं वं.’ देवीने तोंडचे ऐकले, मनातले राहिले.
तेवढ्यात कौशल्याबाई दारात. ‘तुमच्या पोरीनं माया पोराले काय सांगतलं हो? नोकरी सोडून खरगपूरले चालला! पीएच.डी. झाल्याबिगर लगन नाही म्हणते हा!’ त्यांना पाणी दिले. साखर डब्यातच राहू दिली.
ओटी भरायला गेले, तर त्याही सोबत आल्या. गाभाऱ्यासमोर त्यांनी विचारले, ‘कायचा नवस होता वं?’
शालूच्या फेलोशिपचा, म्हटले. देवीसमोर खोटे कसे बोलणार?