मेडिक्लेमचा फॉर्म आणि कंपनीचा भोंगा

रामवाडी, पेण. गुरुवार, डिसेंबर १९९६

रिटायर झाल्यावर कंपनीचा दवाखाना सुटला, म्हणून मेडिक्लेमचा फॉर्म आणलाय. एजंट म्हणाला, "काका, जुना आजार लपवू नका, नायतर क्लेम नाय मिळणार." बीपी लिहिलं. पण भोंग्याचं लिहू का? रोज साडेतीनला मला कंपनीचा भोंगा ऐकू येतो. कंपनी तिकडे रोह्याला, तीही गेल्या वर्षीच बंद पडलेली. हा कानाचा आजार की डोक्याचा? बायकोला, सुमनला, कधी सांगितलं नाय. ती म्हणते, "मी धडधाकट हाय. तुमच्या एकट्याचीच पॉलिसी काढा."

आज आजाराच्या रकान्यापाशीच अडलो होतो. तेवढ्यात ती आतून म्हणाली, "भोंगा झाला. चहा टाकते."

फॉर्मवर दोघांची नावं घातली. रकान्यात बीपीच्या पुढची जागा अजून कोरीच हाय.