मायचं दर्शनाचं पुस्तक

युसूफ वडगाव, बाजारचा दिवस

प्रिय आक्का,

तू फोन उचलत न्हाईस म्हणून कागद घेतला. आमचा पुस्तकांचा टेम्पो इथं बाजारात उभा हाय. मागच्या आठवड्यात दिंद्रुडला होता, तेव्हा तुझ्या गल्लीत आलतो. दारात तुझी चप्पल दिसली आणि माघारी फिरलो. दिवाळी तोंडावर आली, म्हणून मालकांनी, भगवानरावांनी, श्रद्धेची न् व्रताची पुस्तकं पुढं मांडलीत. सणासुदीला ती खपतात. तत्त्वज्ञान मागं धूळ खातंय. मी मात्र जुन्या देवळांच्या बांधकामाचं पुस्तक उघडून बसतो. त्यात लिहिलंय, आपल्याकडच्या कित्येक देवळांना चुनाच न्हाई, दगड नुसता दगडाच्या भारावर उभा. त्या नादात काल कुणीतरी दोन पोथ्या उचलून नेल्या. भगवानराव म्हणाले, "लख्या, तुला विकायला ठेवलंय का शिकायला?" जाऊ दे, भरकटलो.

मायच्या पुस्तकाचं लिहायचं होतं. गुडघे गेल्यावर ती म्हणाली होती, "तुळजापूर काय आता होत न्हाई. दर्शनाचं एखादं पुस्तक तरी आण." मी टेम्पोतून एक आणलं. वरच्या नावात 'दर्शन' होतं, मला तेवढंच दिसलं. आत देव न्हाई, चित्र न्हाई, सगळं तत्त्वज्ञान. मला कळेपर्यंत तिनं त्याला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. रोज अंघोळ झाली की कुठलंही पान उघडायची, ओळींवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "आज निवांत झालं दर्शन, गर्दी नव्हती." मेंढरं सोडता सोडता आप्पा विचारायचे, "काय, लागला का नंबर?" माय लई हसायची. मग कुणाच्या तोंडून खरं निघणार होतं?

माय गेल्यावर तू ते दहाव्याला उघडलंस. तू बारावी झालेली, तुला लगेच कळलं. रडत म्हणालीस, दोन बाप्यांना एक दिवस गाडी करून मायला देवीपुढं नेता आलं न्हाई, अडाणी बाईच्या हातात पुस्तक देऊन फसवलंत. खरंच होतं ते. पण आप्पांनी त्यातला एकच शब्द धरला. म्हणाले, माझ्या बायकोला अडाणी म्हणणारीनं या घराची पायरी चढू नये. तू पाणीही न पिता गेलीस.

औंदा आपल्या घरी कढई चढायची न्हाई. शेजारची भिवराकाकू आप्पांसमोरच म्हणाली, दुःखाच्या घरी फराळाचा डबा लेकीनं आणायचा असतो. आप्पांनी ऐकलं आणि उठून वाड्यातल्या मेंढरांकडं गेले. उन्हात त्यांनी कुंपणाची एकच बाभळीची काटी तीनदा काढून बसवली.

परवा घरून, शिरूरहून निघताना ते फाट्यापर्यंत माझ्यासोबत चालत आले. एरवी कधी येत न्हाईत. म्हणाले, "तुझ्या टेम्पोत देवाची, ज्ञानाची, बांधकामाची इतकी पुस्तकं. लेकीला 'ये' कसं म्हणायचं, हे लिहिलेलं एखादं हाय का रे?" मी न्हाई म्हणालो. जीप आली, भरली, निघायला लागली. खिडकी धरून म्हणाले, "मग तूच लिही." आक्का, अक्षर माझं हाय. भाऊबीजेला ये, हे आप्पांचं हाय.

तुझाच,
लखन