अढीतल्या कपबश्या

परटवणे, रत्नागिरी
मेअखेर

प्रिय दर्शनास,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला पॅकर्स-मूव्हर्सचा माणूस येऊन गेला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, आणि घरात पाऊल टाकल्यापासून तोंडात एकच शब्द, बबल रॅप. मी त्याला चहा पाजला आणि आल्या वाटेने परत पाठवला. आप्पांचा नेहमीचा हेका म्हणून तू जावईबापूंपाशी कपाळाला हात लावला असशील. लाव. ज्या गावचा हापूस पेंढ्यात निजून समुद्रापार जातो आणि अंगावर ओरखडा येऊ देत नाही, त्या गावच्या माणसाने चार कपबश्यांसाठी प्लॅस्टिकचे फुगे विकत घ्यायचे? मी गंगारामला निरोप धाडला. आईबरोबर बागायतदारांकडे पेट्या भरायला असायचा तोच गंगाराम, आता त्याचे सगळे दात पडलेत. पेंढ्याचे भारे आणि हंगामातून उरलेल्या आंब्याच्या पेट्या रिक्षाच्या टपावर बांधून तो स्वतः घेऊन आला, आणि ‘सावित्रीवयनी खंय?’ म्हणत थेट माजघरात शिरला. त्याला मी लगेच पुढच्या दारी घेऊन गेलो. का, ते पुढे सांगतो.

घरमालकांच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली त्याला आता वर्ष होत आलं. जूनच्या आत मोकळी करा म्हणाले, आणि खरं सांगायचं तर फार सभ्यपणे म्हणाले. भांडायला जागाच ठेवली नाही. त्यामुळे थांबू म्हटलं तरी थांबता येत नाही. तुझ्याच सोसायटीत तळमजल्यावर आमची सोय झाली, याहून जास्त काय मागायचं. तेव्हा घर आवरायला घेतलं. हायस्कूलच्या ऑफिसात जन्म गेला माझा, वस्तू जागच्या जागी ठेवण्यात मला कोण हरवणार, अशा तोऱ्यात सुरुवात केली. आईचा घावन्यांचा बिडाचा तवा गोधडीत गुंडाळला. पाटा आणणार नाही म्हणालो होतो, पण आणतोय. तुमच्या वॉचमनने कुरकुर केली तर तू बघून घे. चौदा एप्रिलच्या भाषणात तू मिळवलेला कप, ज्याचा एक कान तू त्याच संध्याकाळी मोडलास, तोही घेतलाय. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर मात्र टेम्पोत जायची नाही. ती मी मांडीवर घेऊन बसणार, घाटात कितीही वळणं असोत. नव्या घरात आधी ती आत जाईल, मग आपण.

काचेचं आणि चिनी मातीचं सगळं मी पेंढ्यात भरलं. तळाला जाड थर, मग बरण्या, त्यांच्यामध्ये गच्च पेंढा, वर कपबश्या, पुन्हा पेंढा. पेट्या भिंतीला लावून ठेवल्या आणि दुपारी जरा लवंडलो. उठून चहा करायला गेलो तर कपबश्या फडताळात, नेहमीच्या जागी, कान उजवीकडे करून मांडलेल्या. मला वाटलं, भरल्याच नव्हत्या की काय आपण! म्हातारपणी माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. पुन्हा भरल्या. दोन दिवस ठीक गेले आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. मग मी शेजारच्या चिमाकाकूंवर संशय घेतला. त्या बिचाऱ्या नको म्हटलं तरी मदतीला येतात. त्यांना जरा लागेल असंही बोललो. त्या म्हणाल्या, ‘आप्पानु, तुमच्या घरातली सुई पन मी हलवलेली नाय हां.’ आणि तरातरा निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी लवंडलो, पण डोळे किलकिले ठेवून. तुझी आई आली. पेटीपाशी पाय पसरून बसली, पदर कमरेला खोचला आणि कोपरापर्यंत हात पेंढ्यात घातला. एक कप काढला. बुडाकडून हुंगला. अंगठ्याने अगदी हळू दाबून पाहिला आणि मान हलवून परत ठेवला. दुसरा काढला, हुंगला, दाबला आणि बाजूला ठेवला. तो पिकून तयार झाला होता. दर्शना, तिने आंब्यांची अढी लावली होती गं. मी पेंढा घरात आणला आणि त्या वासाने तिचे हात कामाला लागले. अढी दोन-तीन दिवसांनी उघडायची, तयार फळ काढून घ्यायचं, डागी फळ दूर करायचं, उरलेलं हलवून पुन्हा झाकायचं. न हलवली तर खालचा आंबा नासतो. ती माझ्या कपबश्या नासू देत नव्हती. मला हसू आलं, आणि ते हसू तोंडातच राहिलं, कारण इतकी लख्ख, इतकी कामातली ती मला कित्येक महिन्यांत दिसली नव्हती.

तुला आठवतं का, एप्रिल लागला की तिच्या हाताला चीक लागून काळे डाग पडायचे आणि तू म्हणायचीस, आई, शाळेत हात पदराखाली घेऊन ये. ती खरंच तसेच घेऊन यायची. बागायतदारांच्या शेडमध्ये इतक्या बायका होत्या, पण वरचा थर लावायला हाक हिलाच. बोटं अशी चालायची की फळाला कळू नये आपल्याला उचललं. माझी फाईल कधी सापडली नाही तर म्हणायची, ‘तुमाला कागद सांबाळता येत नाय, मी हजार आंबे सांबाळतंय.’ मी चिडायचो. आता वाटतं, मला तरी कुठे काय सांभाळता आलं. ती माझ्या डोळ्यांदेखत घरातल्या घरात हरवत गेली आणि मी गोळ्यांच्या वेळा पाळत बसलो.

मग मी कपबश्या पेंढ्यातून काढल्या आणि जुन्या लुगड्यांत आणि वर्तमानपत्रात गुंडाळल्या. एक पेटी तेवढी तिच्यासाठी पेंढ्याची ठेवली. त्यात फुटक्या कानाचे कप, लाकडी वाट्या, दोन कांदे. रोज ती तेवढी अढी बघते आणि शांत असते. हा उपाय माझा मलाच सुचला, शाबासकी दे. पण त्याचा एक परिणाम झाला. पेंढ्याच्या घरात मी मुकादम झालो. परवा पेटी झाकून झाल्यावर हात पुसत माझ्यासमोर अदबीने उभी राहिली आणि म्हणाली, ‘मुकादम, आज वाईच लवकर सोडा. पोर साळंतनं येल, दाराला कुलूप बगून रडंल.’ इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी इतक्या अदबीने कधीच बोलली नव्हती. मी काय करणार? दिली सुट्टी. ती मागच्या दाराने गेली, पुढच्या दाराने आली आणि चहाला आधण ठेवायला लागली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. गंगारामला मी आत थांबू दिलं नाही, ते यासाठी. तिने त्याला ओळखलं, नावाने हाक मारली, घरी बोलावलं. आणि मग माझ्याकडे बघून त्याला विचारलं, हा पांढऱ्या केसांचा मानूस कोन, नवा हाय काय?

तुला हे फोनवर सांगितलं नाही. विसराळू झालीय एवढंच म्हणत आलो. तुला वाटतं, आई बोलते तर नीट. जेवलीस काय, बरी हास ना, तिकडं पाऊस हाय? दर्शना, ती हे सगळ्यांनाच विचारते. बँकेतून कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्या मुलीलाही विचारते. गेल्या महिन्यात तू व्हिडिओ लावलास आणि मी मध्येच रेंज गेली म्हणून बंद केला, आठवतं? रेंज नव्हती गेली. ती तुझ्या तोंडाकडे बघून मला विचारत होती, ही बाई आपल्याकडं बघून का हसतेय. तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी बंद केला. फोनवर हे बोलायचं तर ती शेजारी असते, आणि तिला ऐकू चांगलं येतं. शिवाय तू रडलीस की मला पुढचं बोलता येत नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय.

तिला तू ठाऊक नाहीस असं मात्र मुळीच नाही. तुझ्याखेरीज तिला दुसरं काही ठाऊकच नाही. तिन्हीसांजेआधी रोज अंगणापुढच्या गडग्याच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहते. रस्त्यावरून दप्तर घेतलेली कुठलीही पोर गेली की टाचा उंचावून बघते. मे महिना, शाळेला सुट्टी आहे, असं एकदा सांगून बघितलं. तर म्हणाली, सुट्टी? मग पोर कुटं गेली? आणि जी घाबरली, ती विहिरीत डोकवायला धावली. त्या दिवसापासून मी आणि चिमाकाकू (त्यांची मी पाय धरून माफी मागितली) ‘शाळा सुटली की येईल पोर’ म्हणत रोज शाळा भरवतो. घरातून बाहेर पडायचं नाव ती काढत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून दारात रिक्षा बोलावली, तर खिडकीचे गज धरून बसली. मी हात सोडवायला गेलो, जरा जोर केला, आणि बांगडी फुटून मनगटात शिरली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणत राहिली, मुकादम, पोर येल हो. रिक्षा परत पाठवली. मनगट भरून आलंय, काळजी करू नको. सांगायचं ते एवढंच की रविवारी टेम्पो येईल, सामान जाईल, तुझी गाडी दारात उभी राहील आणि तुझी आई निघणार नाही. ओढून न्यायची तर तिच्यात वजन ते काय उरलंय, जावईबापू एकटे उचलतील. पण तशी मी तिला नेऊ देणार नाही. या घरात ती माझा हात धरून आली होती.

गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली आणि मला वाट दिसली. आरोग्याच्या पाहणीला एक बाई आल्या. चष्मा, खांद्याला पर्स, हातात पेन. आई लगबगीने उठली, डोक्यावरून पदर घेतला, त्यांना खुर्ची दिली आणि खाली बसून म्हणाली, बाई, आमची दर्शना अभ्यासात कशी हाय? त्या बाई शहाण्या. चांगली आहे म्हणाल्या. तशी ही उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, तुमी बोलवलंत तर आताच्या आता येतंय मी साळंत. कुलूप लावायलाही थांबेना. दर्शनाने बोलावलंय, असं मीही सांगून बघितलं, पण मुकादमावर तिचा विश्वास नाही. शाळेतल्या बाईंवर आहे.

म्हणून हे पत्र. रविवारी येशील तेव्हा चष्मा घालून ये आणि पर्स खांद्याला असू दे. गडग्याच्या आत आलीस की धावत येऊन तिला मिठी मारू नकोस, आई म्हणून हाक मारू नकोस, ओळख बघू मी कोण असं तर मुळीच विचारू नकोस. ती घाबरेल आणि पुन्हा गज धरेल. रडायचं असेल ते साखरप्याला चहाला थांबाल तिथे रडून घे, तोंड धू आणि मग ये. नमस्कार कर आणि सांग, मी दर्शनाच्या शाळेतली बाई, ती तिकडे पुण्याला आहे, तिने तुम्हाला न्यायला मला पाठवलंय. आई लगेच निघेल. गाडीत तिला तुझ्याजवळ बसव, मी पुढे बसतो. वाटभर ती तुला दर्शनाच्या गोष्टी सांगेल, तिला काय आवडतं, ती कशाला घाबरते. तुला सगळं ठाऊक असलं तरी मध्ये बोलू नकोस, ऐक. आणि पोर माझी आठवण काढते काय, असं ती विचारेल. दर थोड्या वेळाने विचारेल. दर वेळी हो म्हण.

तुझाच,
आप्पा